कणीएवढी फट

“हवा मारली होती का?” चाचांनी विचारलं.

पोट्ट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मारली असेल. माझं लक्ष नव्हतं.”

लक्ष होतं. चांगलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत कूलरच्या तोंडाशी बसून दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? चौथा शनिवार, म्हणून बँकेला सुट्टी. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागलेला. नागपूरच्या कॉटन मार्केटच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या गॅरेजचा पत्रा अकरा वाजताच कडकड वाजायला लागला होता. गाडी आठवड्यापासून मिसिंग करत होती. सिग्नलला उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी थरथरायची, गिअर टाकून निघालं की एक आचका द्यायची आणि मग गुपचूप चालायची. चाचांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाले, “प्लग गए बेटा. तीनों बदल डालते.” मग पोट्ट्याला हाक मारून ते ऑइल फिल्टर आणायला पार्टच्या दुकानात गेले. पोट्टा म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, सावनेरकडचा. तीन महिने झाले होते त्याला कामाला लागून. गळ्यात रुमाल, बोटांच्या पेरांत काळं, आणि माझ्यासारखं गिऱ्हाईक समोर बसलं की हात उगाच भराभर चालवायची सवय.

पहिला प्लग निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला पाना जरा तिरका बसला. प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारे, या इंजिनात वर दिसत नाहीत, खोल विहिरीसारख्या भोकात असतात. वरून प्लगला वीज देणारी कॉइल काढायची, मग लांब दांड्याला लावलेला प्लग पाना आत सोडायचा. पान्याच्या आत एक रबर असतं, ते प्लगच्या पांढऱ्या मानेला धरून ठेवतं. ते रबर झिजलेलं होतं, हे नंतर कळलं. पोट्ट्यानं जोर लावला, दांडा कलला आणि आवाज आला. फार छोटा. लाह्या भाजताना पहिली लाही फुटते ना, तेवढाच.

टिक्.

त्यानं हात थांबवला. वाकून आत पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ती नजर मी ओळखली. म्हणजे, आधीही पाहिली होती मी ती, आरशात. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. तेवढ्या वेळात त्यानं पाना पुन्हा नीट बसवला, उरलेला प्लग आटे फिरवत फिरवत बाहेर काढला, आणि फुटलेले पांढरे तुकडे फडक्यात गोळा करायला लागला. चार-पाच मिनिटं. त्या चार-पाच मिनिटांत कॉम्प्रेसरची पिवळी नळी त्याच्या पायाशी वेटोळं घालून पडलेली होती.

तुम्ही गाडी चालवता पण बॉनेट कधी उघडलं नसेल, तर एवढंच समजून घ्या. प्लग फुटला आणि तुकडे विहिरीत पडले, इथवर काही बिघडलेलं नसतं. विहिरीचं तळाचं भोक प्लगनंच बुजवलेलं असतं. त्या वेळी हवा मारली की सगळा कचरा वर उडून येतो. पण हवा न मारता प्लग फिरवून काढला की भोक उघडं. मग विहिरीच्या तळाशी जे काही असेल ते थेट सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या डोक्यावर. पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या, मध्ये काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. गाडी नुसती उभी असली तरी तो मिनिटाला आठशेच्या आसपास वेळा खालीवर होतो. तीन हजार आरपीएमला सेकंदाला पन्नास वेळा. आणि ती पांढरी चिनीमाती दिसायला कपाच्या कानासारखी असली तरी ती कप नव्हे. तिच्यात मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. माणिक ज्याचं असतं तेच. लोखंडाला ओरखडा पाडते ती. सिलिंडरची भिंत म्हणजे तिला पाटीच. बरं, लोखंडाचा तुकडा पडला तर चुंबक लावलेली सळई आत सोडून ओढून तरी घेता येतो. माणकाला चुंबक काय करणार?

हे सगळं मला त्या दिवशी माहीत होतं का? नव्हतं. पण हवा मारायची असते, एवढं ठाऊक होतं. बाबांनी २०११ मध्ये निवृत्तीनंतर ही गाडी घेतली तेव्हापासून ते चाचांकडेच यायचे, आणि सुट्टी असली की मला सोबत आणायचे. बाबा खुर्चीवर बसत नसत. बॉनेटवर हात टेकवून उभे राहत आणि प्रत्येक नट कुठे ठेवला ते पाहत. “इंजिन गरम असताना प्लगला हात लावू नये,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा; तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं आणि गरमागरम प्लग ओढून काढला की हेडचे आटे सोलून येतात. त्यावर चाचा दर वेळी म्हणायचे, “साहब, मई में नागपुर का इंजिन ठंडा कब होता?” आणि दोघं हसायचे. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आता मी खुर्चीवर बसते.

तर, आरशातली नजर.

अकरा वर्षांची असेन. आईचं शिलाई मशीन म्हणजे घरातली सगळ्यात महागाची वस्तू. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायानं चालवायचं. महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत ते खिडकीशी असायचं आणि आई त्यावर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. हात लावायचा नाही, असा हुकूम होता. आई भाजी आणायला गेली आणि मी दप्तराचा तुटलेला पट्टा शिवायला घेतला. जाड कापड, त्याच्या चार घड्या. सुई दोनदा गेली, तिसऱ्यांदा अडली, मी पाय दाबला. कट् झालं. सुईचा वरचा अर्धा भाग जागेवरच होता, स्क्रूत पकडलेला. खालचं टोक, ज्याला नाकं असतं ते, नव्हतं. मी शटल उघडलं, बॉबिन काढली, फणीनं दातऱ्या खरवडल्या, जमिनीवर हात फिरवून पाहिला. टोक नाही. मग डबीतली नवी सुई काढून बसवली, तुटलेला अर्धा तुकडा बोळात फेकला आणि पट्टा दप्तरात खुपसला. आई आली. मशीनवर बसली. शेजारच्या काकूंचा निळा ब्लाउज होता, संध्याकाळी द्यायचा होता.

पुढचे पंधरा दिवस मी त्या काकूंच्या पाठीकडे पाहत होते. खोटं सांगत नाही. त्या खांद्यापाशी खाजवायला लागल्या की माझ्या पोटात गोळा यायचा. नळावर, गणपतीच्या आरतीला, जिन्यात. सुईचं टोक किती, अर्ध्या नखाएवढं. पण ते कुठेतरी आहे आणि कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि ते आहे हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट होती. मशीन अधूनमधून टाके सोडायचं. आई म्हणायची, “काय झालं याले, कळत नाही बाप्पा,” आणि तेल सोडायची. मी अभ्यासाचं पुस्तक जरा वर धरायची.

पुढे कधीतरी कळलं की परदेशात माल पाठवणाऱ्या कपड्यांच्या कारखान्यांत यासाठी नियमच असतो. सुई तुटली की काम थांबवायचं, सगळे तुकडे शोधून वहीत चिकटपट्टीनं चिकटवायचे, पूर्ण सुई जुळली तरच नवी सुई मिळते. नाही जुळली तर आसपासचे सगळे कपडे धातू शोधणाऱ्या यंत्राखालून जातात. ते वाचताना मला त्या कारखान्यातल्या बायकांचा हेवा वाटला. सुई तोडल्याबद्दल बोलणी खावी लागत असतील कदाचित. पण वहीत एक जागा आहे तुटलेल्या सुईला.

चाचा फिल्टर घेऊन परत आले आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही. फडक्याकडे पाहूनच त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. हवा मारली होती का, ते विचारलं. माझं उत्तर आलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं, डोळ्यांवर वाचायचा चष्मा चढवला, नाकाच्या शेंड्यावर आणला, आणि घड्याळजीसारखा बारीक चिमटा घेऊन बसले. कूलर बंद करायला लावला. तुकडे उडतील म्हणून. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत आम्ही तिघं त्या कागदाभोवती घाम गाळत उभे. प्लगची मान गोल नळीसारखी असते, वरून झिलई दिलेली, गुळगुळीत. आतून मात्र खडूसारखी मऊ दिसणारी, तुटलेल्या कडेला साखरेसारखी चमकणारी. एका तुकड्यावर छापलेल्या हिरव्या अक्षराचा अर्धा भाग, दुसऱ्यावर उरलेला अर्धा. चाचांनी आधी अक्षर जुळवलं. मग त्याच्या आधारानं शेजारचा तुकडा, मग खालचा. ग्रीसच्या थेंबावर एकेक उभा करत गेले. मोठे पाच आणि बारीक चार, असे नऊ तुकडे. अर्ध्या तासानं वर्तमानपत्रावर ती मान जवळजवळ पूर्ण उभी राहिली.

जवळजवळ. मागच्या अंगाला, खालच्या कडेशी, तांदळाच्या कणीएवढी तिकोनी फट होती.

“उडला असेल कुठं तं,” पोट्टा हळूच म्हणाला.

“कहां उडा होगा?” चाचा. रागावून नाही. खरंच माहिती विचारावी तसं.

मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. आधी जमीन झाडली, झाडलेला कचरा कागदावर घेऊन चाळला. फडकी झटकली. पोट्ट्याच्या चपला पालथ्या करून पाहिल्या, माझ्यासुद्धा. मग इंजिन. सीट साफ करायचा जुना व्हॅक्यूम क्लीनर होता, त्याच्या तोंडाला सलाइनची नळी काळ्या टेपनं घट्ट गुंडाळली आणि ती नळी प्लगच्या भोकातून आत सोडली. पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून चाचा इंजिन हातानं फिरवत होते. पिस्टन वर आणला की त्याच्यावरचा कचरा भोकाजवळ येतो, खाली नेला की नळीला आत फिरायला जागा होते. वर, खाली, वर. नळीच्या टोकाला काजळी आली. ती पांढऱ्या कागदावर झटकली. काळंच काळं. मग झाडूच्या काडीला ग्रीस लावून काडी आत चहूबाजूंनी टेकवली. पुन्हा काळं. मग मोबाइलला लावायचा तो नळीवरचा कॅमेरा शेजारच्या गॅरेजातून मागवला. स्क्रीनवर पिस्टनचं डोकं दिसलं. दुष्काळी जमिनीसारखं, भेगाळलेल्या काजळीचं. डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका. आम्ही तिघंही “हाच!” म्हणालो. कॅमेरा जरा हलवला, ठिपकाही हलला. त्याच्याच दिव्याची तिरीप होती ती.

मध्ये चहा आला तेव्हा चाचांनी मागच्या फळीवरून डालड्याचा जुना डबा काढला. बाबा असताना मी तो पाहिला होता, पण आत काय आहे ते नाही. त्यांनी तो कागदावर पालथा केला. चाळीस वर्षांत इंजिनांच्या पोटातून निघालेल्या चिजा. अर्धे बोल्ट तर कितीतरी. एअर क्लीनरचा कान असलेला नट, कार्ब्युरेटरच्या गळ्यातून आत गेलेला आणि पिस्टननं चपटा करून टाकलेला, जणू रुळावर ठेवलेला पैसा. डिझेल गाडीच्या हीटर प्लगचं जळून फुगलेलं टोक. पिस्टन पिनची सर्क्लिप, उघडून वाकडी झालेली. ऑइलच्या चेंबरमधून निघालेले टायमिंग चेनच्या गाइडचे तपकिरी प्लास्टिकचे कपचे. एका बॉलपेनचं निळं टोपण. ते कुणाच्या खिशातून पडलं हे चाचांना पक्कं माहीत आहे, पण सांगत नाहीत. आणि एक पिळाची छोटी सळई, जिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, हिच्यापायी मी दोन दिवस झोपलो नव्हतो. तुटलेला बोल्ट काढायचं ते हत्यार, इझी-आउट. बोल्टच्या बुंध्यात बारीक भोक पाडायचं आणि उलट्या पिळाची ही सळई त्यात ठोकून उलटी फिरवायची, म्हणजे बुंधा तिच्यासोबत सुटून येतो. पण ती असते फार कडक आणि म्हणूनच ठिसूळ. जोर जास्त झाला की तीच बोल्टच्या आत तुटते, आणि तिला तर ड्रिलसुद्धा कापत नाही. काढायला गेलेलंच आत अडकून बसलं! आता चाचा बुंध्यावर नट ठेवून वेल्डिंग मारतात. तापून बोल्ट फुगतो, निवताना आवळतो, गंजाची पकड सुटते, आणि वरचा नट पान्यानं फिरवला की बाहेर. “लेकिन पहले डिझेल डालके रात भर छोडना. आधा चक्कर आगे, पाव चक्कर पीछे. जल्दी किया के गया.”

पोट्टा ते ऐकत होता की नाही, कळेना. तो त्या चपट्या नटाकडे पाहत होता.

माझा भाचा मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करतो. तो सांगतो, त्यांच्याकडे हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा कापलेला असतो. काम संपल्यावर एक जरी खाचा रिकामा दिसला तरी विमान हलत नाही. मग रात्र जावो की प्रवासी बोंबलोत. ‘हरवलं’ असं ज्याचं त्यानं येऊन सांगायचं, आणि सांगणाऱ्याला तिथल्या तिथे कुणी झापत नाही, कारण झापलं तर पुढच्या वेळी कोण सांगेल? २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड पडलं, ते धावपट्टीवर पडलेल्या एका पट्टीमुळे. साधारण ४३ सेंटिमीटरची टायटॅनियमची पट्टी, थोड्याच वेळापूर्वी उडालेल्या दुसऱ्या विमानाची गळून पडलेली, एका दुरुस्तीत बसवलेली. तिनं टायर फाडला, टायरचा तुकडा टाकीवर आदळला. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४. भाचा हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज एकदम पूजा सांगणाऱ्या गुरुजींसारखा होतो. मला मात्र नेहमी ती पट्टी बसवणारा माणूस आठवतो. आठवतो म्हणजे काय, मी त्याला पाहिलेलं नाही. पण त्याला बातमी कुणी सांगितली असेल?

बँकेत आमच्याकडेही मोजणीच मोजणी. पण खरं सांगू का, कॅशमध्ये दहा-वीस रुपये कमी आले की बहुतेक जण खिशातून टाकून मोकळे होतात. फरक शोधायला बसलं तर साडेसातची बस चुकते. रजिस्टरमध्ये फरक नाही असंच लिहिलं जातं. मीही टाकलेत. त्या रात्री कुणीतरी दहा रुपये जास्त घेऊन घरी गेलेला असतो आणि जगात फक्त मला माहीत असतं की हिशेब जुळलेला नाही, जुळवलेला आहे.

सहाच्या सुमाराला चाचांनी हात पुसले. “देखो बेटा, दो रस्ते है.” एक, हेड खोलायचं. चेन उतरवायची, हेड पॅकिंग नवं, दोन-तीन दिवस, दहा-बारा हजार. “पैसा मेरा. मेरे यहां टूटा.” दुसरा, प्लग न लावता इंजिन फिरवायचं, आत काही असलं तर बरेचदा त्या जोरात भोकातून बाहेर फेकलं जातं. मग प्लग लावून चालू करायचं आणि ऐकायचं. ठोका आला तर लगेच बंद. नाही आला तर तुकडा एक तर आत नव्हताच, किंवा असलाच तर सायलेन्सरच्या वाटेनं जाईल. “मेरा मन बोलता, अंदर नहीं है. हवा मारी होगी तो अंदर जाएगा कैसे?”

हे ते माझ्या भरवशावर बोलत होते. त्यांचं मन माझ्या वाक्यावर टेकलेलं होतं.

तेव्हाही बोलता आलं असतं. पोट्टा माझ्यासमोर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे. त्याला आज घरी पाठवला असता का चाचांनी? नसता बहुतेक. ओरडले असते, दोन दिवस अबोला धरला असता. पण मी तेवढा विचार केलाच नव्हता. मला फक्त ती नजर दिसत होती, आणि आता तर प्रश्न त्याचा उरलाच नव्हता. मी खोटं बोलले हे सांगायचा प्रश्न होता. पंचेचाळीस वर्षांची बाई, बँकेतली ऑफिसर, बाबांच्या मिस्त्रीला सांगणार की मी खोटं बोलले? मी म्हणाले, “नका खोलू हेड. चालू करून पाहू.” चाचांना वाटलं मी त्यांचे पैसे वाचवतेय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजून जड लागतो.

प्लगविना इंजिन फिरवलं. भोकांतून फस्-फस् हवा सुटली, वर धरलेल्या पांढऱ्या कापडावर काजळीचे ठिपके उमटले. नवे प्लग बोटांनी बसेपर्यंत फिरवले, मग पान्यानं अर्ध्या फेऱ्याहून थोडंसं जास्त. कॉइल, बोल्ट. चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. थरथर नाही, आचका नाही. चाचांनी लांब पेचकसाची मूठ कानाला लावली आणि टोक हेडवर टेकवून, डॉक्टर छाती तपासतो तसं, तीन ठिकाणी ऐकलं. मान हलवली. मलाही ऐकायला दिलं. आत कुठेतरी शिलाई मशीन चालू असल्यासारखं वाटलं.

लोहापुलाखालून बर्डीवर आले, तिथून झाशी राणी चौक, शंकरनगर, बजाजनगर, माटे चौक. एसी बंद, रेडिओ बंद, काचा खाली. लू अजून उतरलेली नव्हती. दर सिग्नलला मी इंजिनाकडे कान लावून बसायचे आणि दर सिग्नलला ऐकू यायचं ते शेजारच्या ऑटोचं. एकदा टिक् झालं आणि मी स्टिअरिंग घट्ट धरलं. इंडिकेटर होता. मीच लावलेला.

आईला सगळं सांगितलं रात्री. म्हणजे गाडीचं नाही, सुईचं. इतक्या वर्षांनी. ती पलंगावर बसून मटार सोलावेत तशी मुगाच्या शेंगा सोलत होती. मोतीबिंदूच्या दोन्ही ऑपरेशननंतर तिला बारीक काम फार आवडायला लागलंय. मी सगळं तपशीलवार सांगितलं, पट्टा, चार घड्या, काकूंचा निळा ब्लाउज. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “कोणती सुई?” मी म्हटलं, अगं तीच. मशीन टाके सोडायचं ना नंतर. “मशीन त नेहमीच सोडे टाके. त्याचा पट्टा ढिला होता.” आणि मग, “सुया का कमी तुटल्या माझ्या हातून? एकदा तं बोटातच राह्यली होती. तुले आठवते?” मला आठवत नव्हतं. शेंगा सोलून झाल्या. पस्तीस वर्षं जे टोक मी सांभाळलं होतं ते कुणी हरवलंच नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की, आता ते टोक ठेवायचं कुठे?

गाडी उत्तम चालली. सगळा पावसाळा चालली. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पाडव्याला मारबतीची मिरवणूक निघाली, महालात गर्दीत अडकून पडले तरी पंखा सोडून काही वाजलं नाही. दिवाळीच्या आधी ऑइल बदलायला गेले. चाचा कुठल्याशा चेंबरखाली पालथे झाले होते, फक्त पाय दिसत होते. तिथूनच म्हणाले, “बैठो बेटा.” फळीवर डालड्याच्या डब्याशेजारी एक काचेची बाटली दिसली, इंजेक्शनची असते तशी. आत ग्रीसवर उभी केलेली प्लगची पांढरी मान. फट माझ्या बाजूला होती.

पोट्टा आला. मिशी जरा दाट झालेली. नमस्ते ताई, म्हणाला आणि बॉनेट उघडलं. ऑइल गळायला लावलं. प्लगही पाहून घेतो, म्हणाला. मी म्हटलं, कशाला, नवेच तर आहेत. “पाहून घेतो न जी.” कॉइल काढल्या. मग कॉम्प्रेसर चालू केला आणि पिवळी नळी उचलून पहिल्या विहिरीत हवा मारली, दुसऱ्या, तिसऱ्या. परत पहिलीत. धूळ उडून माझ्या चष्म्यावर बसली. प्लग काढले, पुसले, लावले. हे सगळं करताना त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कॉइल बसवायच्या आधी मात्र त्यानं फेंडरवर एक स्वच्छ फडकं अंथरलं, त्यावर कॉइल, बोल्ट सगळं ओळीनं मांडलं आणि बाजूला सरकून उभा राहिला.

“मोजा न ताई.”

“तीन कॉइल, तीन बोल्ट,” मी बसल्या जागेवरून म्हणाले.

“तसं नाही. इथं या. हात लावून मोजा.”

मी उठले.